राज्यसभा आणि विधान परिषदेचे सदस्य टप्प्याटप्प्याने का निवडले जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन वर्षांनी वर्तमानपत्रांत ‘द्वैवार्षिक निवडणूक’ हा शब्द येतो. या निवडणुकीत मतदार असलेल्या आमदारांना हॉटेलात मुक्कामाला नेल्याच्या बातम्या येतात, पसंतीक्रम आणि कोटा यांची आकडेमोड छापून येते आणि निकाल लागला की विषय संपतो. ही निवडणूक दर दोन वर्षांनीच का येते, एकदाच सगळ्या जागा का भरत नाहीत, हे सहसा कोणी नीट सांगत नाही. वाचकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

राज्यसभेची निवडणूक एकदम का होत नाही?

कारण राज्यसभा कधीच पूर्ण रिकामी होऊ नये अशी संविधानाची इच्छा आहे. कलम ८३ (१) म्हणते की राज्यसभा विसर्जित होणार नाही आणि तिचे शक्य तितके एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतील. प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची. म्हणजे कोणत्याही दिवशी सभागृहात पाहिले तर काही जण नुकतेच आलेले, काही मधल्या टप्प्यावर आणि काही निरोपाच्या उंबरठ्यावर असतात. विधान परिषदांसाठी हीच तरतूद कलम १७२ (२) मध्ये आहे.

यामागचा विचार असा. लोकसभेत एका निवडणुकीत देशाचा कौल पूर्ण उलटू शकतो आणि तो उलटायलाच हवा, नाहीतर मतदानाला अर्थ काय? पण त्या एका वर्षाच्या लाटेने कायदे करणारी दोन्ही सभागृहे एकदम ताब्यात घेऊ नयेत. दुसऱ्या सभागृहात आधीच्या दोन कौलांचेही प्रतिनिधी बसलेले असावेत, त्यांनी घाईतल्या विधेयकाला प्रश्न विचारावेत, गरज पडल्यास ते थोडे थांबवावे. संविधान सभेत एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी दुसऱ्या सभागृहाचे समर्थन जवळपास याच मुद्द्यावर केले होते: क्षणिक भावनेच्या भरात आलेले कायदे थोडे लांबवायचे आणि अनुभवी माणसांना चर्चेत जागा द्यायची.

ही कल्पना इंग्लंडमधून आली का?

नाही. इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात निवडणूकच होत नाही. एक तृतीयांश सदस्य बदलण्याची पद्धत अमेरिकेच्या सिनेटमध्ये सापडते. १७८९ च्या मे महिन्यात तिथल्या पहिल्या सिनेटरांचे तीन वर्ग पाडले गेले आणि कोणत्या वर्गाला किती वर्षे मिळणार हे चिठ्ठ्या काढून ठरले.

आपल्याकडे ती १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आली. त्यात केंद्रातले वरिष्ठ सभागृह स्थायी ठेवून दर तीन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य बदलायचे, म्हणजे प्रत्येकाला नऊ वर्षे, असे लिहिले होते. कायद्याचा केंद्रातला भाग अमलात आलाच नाही, पण प्रांतांचा आला. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात विधान परिषद स्थापन झाली ती याच नियमाने. म्हणजे महाराष्ट्राच्या विधिमंडळाला ही पद्धत राज्यसभेपेक्षा जुनी ओळखीची आहे. संविधानकारांनी नऊचे सहा केले आणि तीनचे दोन.

पण पहिल्यांदा तर सगळेच एकदम निवडून आले असतील ना?

हो, आणि म्हणूनच १९५२ मध्ये चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. राज्यसभा ३ एप्रिल १९५२ रोजी अस्तित्वात आली, तिची पहिली बैठक १३ मे रोजी झाली. सगळ्यांना सहा वर्षे दिली असती तर १९५८ मध्ये सभागृह एकदम रिकामे झाले असते. म्हणून राष्ट्रपतींनी निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून आदेश काढला. त्यानुसार सदस्यांचे तीन गट झाले: पहिला २ एप्रिल १९५४ ला निवृत्त, दुसरा १९५६ ला, तिसरा पूर्ण मुदत करून १९५८ ला. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठीने ठरले. निवडून आलेल्या माणसाची मुदत नशिबाच्या हवाली करणे आज विचित्र वाटेल, पण यापेक्षा निःपक्षपाती मार्ग नव्हता. कोणाला दोन आणि कोणाला सहा वर्षे द्यायची, हे सत्ताधाऱ्यांच्या हाती दिले असते तर काय झाले असते ते सांगायला नको.

पुढे १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, जागा बदलल्या आणि चक्र पुन्हा बसवावे लागले. त्याचीही तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १५४ मध्ये आहे. २ एप्रिल ही तारीख मात्र अजून भेटते. महाराष्ट्रातून २०२० मध्ये निवडून आलेल्या सात खासदारांची मुदत २ एप्रिल २०२६ पर्यंतच होती.

महाराष्ट्राच्या १९ जागा कशा वाटल्या आहेत?

सात, सहा आणि सहा. २०२०, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षांत त्या भरल्या गेल्या, आणि या पद्धतीचा फायदा पाहायचा असेल तर याहून चांगले उदाहरण शोधायची गरज नाही.

तिन्ही वेळा मतदार होती तीच विधानसभा, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निवडून आलेली. २०२० मध्ये महाविकास आघाडी सत्तेत होती. सातपैकी चार जागा तिला मिळाल्या (शरद पवार, फौजिया खान, प्रियांका चतुर्वेदी, राजीव सातव) आणि तीन भाजप व त्याच्या मित्रपक्षाला (उदयनराजे भोसले, भागवत कराड, रामदास आठवले). १० जून २०२२ ला सहा जागांसाठी सात उमेदवार होते. तुरुंगात असलेले नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही, सुहास कांदे यांचे मत बाद झाले, आणि निकाल लागला तीन-तीन. सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक आले, शिवसेनेचे संजय पवार हरले. दहा दिवसांनी विधान परिषदेची निवडणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी एकनाथ शिंदे यांचे बंड उघड झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत, शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन्ही फुटल्यावर, सहा जण बिनविरोध निवडून आले: पाच महायुतीचे, एक काँग्रेसचा.

चार-तीन, तीन-तीन, पाच-एक. सगळ्या १९ जागा २०२० मध्येच भरल्या असत्या तर त्या वर्षीचे चित्र सहा वर्षे गोठून राहिले असते. सगळ्या २०२४ मध्ये भरल्या असत्या तर फुटीनंतरचे चित्र तसेच राहिले असते. टप्पे पडले म्हणून आमदारांच्या बदलत्या कलाची तिन्ही रूपे दिल्लीत पोहोचली. त्यातले कोणते रूप योग्य होते यावर भांडता येईल, पण एकच रूप पोहोचणे नक्कीच जास्त वाईट झाले असते.

यात तोटा काहीच नाही?

आहे, आणि तो गणितातला आहे. राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने होते, म्हणजे आमदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो आणि विजयी उमेदवाराची जादा मते पुढच्या पसंतीकडे जातात. विजयाचा कोटा काढताना वैध मतांना शंभराने गुणतात, जागांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागतात आणि येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवतात. महाराष्ट्रात सगळ्या २८८ आमदारांनी मत दिले आणि सहा जागा असल्या तर कोटा ४११५ येतो. एका आमदाराचे मत शंभराचे, म्हणजे पहिल्या पसंतीची ४२ मते लागतात. सात जागा असल्या तर ३७ पुरतात.

आता समजा १९ जागा एकदम भरायच्या आहेत. मग कोटा १४४१ वर येतो आणि १५ आमदारांचा पक्षही स्वतःच्या बळावर एक खासदार दिल्लीला पाठवू शकतो. विधान परिषदेतल्या आमदारांनी निवडायच्या ३० जागा एकदम भरल्या तर दहा मतांवर काम होईल. प्रत्यक्षात त्या नऊ, दहा आणि अकरा अशा तुकड्यांत भरल्या जातात, त्यामुळे पूर्ण संख्याबळ धरले तर २५ ते २९ मते लागतात.

म्हणजे टप्पे पाडल्याने मोठ्या लाटेला लगाम बसतो, पण छोट्या पक्षांचा दरवाजाही अरुंद होतो. प्रमाणशीर प्रतिनिधित्व ज्यांच्यासाठी आणले त्यांचाच त्यातून तोटा होतो. मला ही पद्धत हवी आहे, तरीही हा तोटा लपवू नये असे वाटते. दहा-पंधरा आमदार असलेल्या पक्षाला दर वेळी मोठ्या पक्षाच्या उरलेल्या मतांकडे पाहावे लागते, आणि शेवटच्या जागेसाठी जो घोडेबाजार चालतो त्याचे एक मूळ इथे आहे.

केंद्रात सरकार बदलले तरी राज्यसभेत जुन्याच पक्षाचे बहुमत राहते. हे लोकशाहीविरोधी नाही का?

अडचण खरी आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाने लोकसभा जिंकली तेव्हा राज्यसभेत काँग्रेस भक्कम होती. बँकिंग सेवा आयोग रद्द करणारे विधेयक राज्यसभेने फेटाळले आणि १९७८ मध्ये संयुक्त बैठक घ्यावी लागली. आणीबाणीनंतरच्या संविधान दुरुस्तीतली काही कलमेही राज्यसभेने काढून टाकली, त्यात सार्वमताची तरतूद होती. २०१४ मध्ये भाजपला लोकसभेत २८२ जागा मिळाल्या, पण राज्यसभेत सर्वांत मोठा पक्ष व्हायला २०१७ चा ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात भूसंपादन कायद्यातले बदल राज्यसभेत अडले आणि अखेर सोडून द्यावे लागले. जीएसटीची घटनादुरुस्ती लोकसभेत २०१५ च्या मेमध्ये मंजूर झाली, पण प्रवर समितीतून फिरून राज्यसभेत ती ३ ऑगस्ट २०१६ ला मंजूर झाली.

पण हा अडथळा किती मोठा ठेवायचा हेही संविधानाने ठरवले आहे. धनविधेयक राज्यसभा अडवू शकत नाही, १४ दिवसांत शिफारशींसह किंवा त्यांच्याशिवाय परत करावे लागते. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचे जमले नाही तर संयुक्त बैठक आहे, तिथे लोकसभेची संख्या भारी पडते. आजवर ती १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदाच घेतली गेली. सरकार टिकणे-पडणे लोकसभेवरच अवलंबून असते. घटनादुरुस्तीला मात्र दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात आणि तिथे पळवाट नाही. ते योग्यच आहे, संविधान एका वर्षाच्या कौलावर बदलू नये.

शिवाय कधी कधी देशात लोकसभाच नसते. ती विसर्जित असताना १९७७ मध्ये तमिळनाडू आणि नागालँडची, तर १९९१ मध्ये हरियाणाची राष्ट्रपती राजवट वाढवायची वेळ आली, तेव्हा मंजुरी द्यायला राज्यसभा जागेवर होती.

खासदाराने मध्येच राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले तर नवा माणूस सहा वर्षे राहतो का?

नाही, फक्त उरलेली मुदत. तसे नसते तर चक्र काही वर्षांतच विस्कटले असते. राजीव सातव यांचे मे २०२१ मध्ये निधन झाले, त्या जागी रजनी पाटील बिनविरोध आल्या, पण मुदत सातव यांचीच, एप्रिल २०२६ पर्यंत. प्रफुल्ल पटेल २०२२ च्या तुकडीतले होते. ते २०२४ मध्ये नव्याने सहा वर्षांसाठी निवडून आले आणि जुनी जागा रिकामी झाली. जून २०२४ च्या पोटनिवडणुकीत ती सुनेत्रा पवार यांना मिळाली, तीही २०२८ पर्यंतच्या उरलेल्या मुदतीसाठी. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते, मात्र मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर पोटनिवडणुकीचे बंधन नाही.

पोटनिवडणुकीत एक पेच आहे. दोन जागा एकदम रिकाम्या झाल्या तरी आयोग त्यांची निवडणूक वेगवेगळी घेतो. मग प्रत्येक जागेसाठी साधे बहुमत लागते आणि सत्ताधारी पक्ष दोन्ही घेतो. २०१९ मध्ये अमित शहा आणि स्मृती इराणी लोकसभेत गेल्यावर गुजरातमध्ये हेच झाले. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही, दोन्ही जागा भाजपला मिळाल्या.

चक्र सगळ्या राज्यांत नीट चालते का?

नाही. पंजाबमध्ये १९८७ ते १९९२ राष्ट्रपती राजवट होती. विधानसभाच नाही, म्हणजे राज्यसभेचे मतदारच नाहीत. त्या खंडामुळे पंजाबच्या सातही जागा एकाच वर्षात येऊन बसल्या, आणि २०२२ च्या मार्चमध्ये ९२ आमदार निवडून आल्यावर आम आदमी पक्षाने त्याच वर्षी सातही घेतल्या. जम्मू-काश्मीरच्या चारही जागा फेब्रुवारी २०२१ पासून रिकाम्या होत्या, त्या थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये भरल्या. दिल्लीच्या तीन जागाही एकत्रच येतात. चक्र पुन्हा बसवण्यासाठी मुदती कमी करण्याचा जो अधिकार कायद्यात आहे, तो सुरुवातीच्या आणि १९५६ च्या रचनेपुरता लिहिलेला आहे. संसदेने त्यात दुरुस्ती करावी, याला विरोधाचे कारण दिसत नाही.

गोव्याचे काय?

गोव्याला राज्यसभेची एकच जागा आहे आणि विधान परिषद नाही. एका जागेचे टप्पे पडत नाहीत. ती सहा वर्षांनी एकदा येते, २०१७ मध्ये विनय तेंडुलकर, २०२३ मध्ये सदानंद शेट तानावडे.

विधान परिषदेचे चक्र राज्यसभेसारखेच आहे का?

नियम तोच, पण गुंता जास्त. महाराष्ट्रात ७८ जागा: विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांचे २२, पदवीधरांचे ७, शिक्षकांचे ७ आणि राज्यपालनियुक्त १२. प्रत्येक गटाचे आपापले चक्र आहे.

त्याचा परिणाम किती दूर जातो, ते २०२० मध्ये दिसले. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्य होणे भाग होते. विधान परिषदेच्या नऊ जागा एप्रिलमध्ये रिकाम्या होणार म्हणून वाट मोकळी दिसत होती, पण करोनामुळे आयोगाने निवडणूक पुढे ढकलली. मंत्रिमंडळाने राज्यपालनियुक्त सदस्यत्वाची शिफारस केली, ती प्रलंबित राहिली. शेवटी आयोगाने मेमध्ये निवडणूक लावली, नऊही जण १४ मे ला बिनविरोध आले आणि मुदत संपायला दोन आठवडे असताना प्रश्न सुटला.

मग परिषदेत इतक्या जागा रिकाम्या का राहतात?

ही या पद्धतीची खरी जखम आहे. स्थायी सभागृह म्हणजे न थांबणारे सभागृह. पण त्याला सदस्य पुरवणाऱ्या संस्थाच थांबल्या तर? इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचना यांत महाराष्ट्रातल्या महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात किमान ७५ टक्के संस्था कार्यरत असाव्यात आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असावेत हा आयोगाचा निकष आहे. नगरसेवकच नाहीत तर मतदार कुठून आणणार? २०२२ पासून अशा एकेक जागा रिकाम्या होत गेल्या आणि वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत.

राज्यपालनियुक्त १२ जागांचेही तेच. २०२० च्या जूनपर्यंत त्या सगळ्या रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने नावे पाठवली, राज्यपालांनी त्यावर निर्णयच घेतला नाही. सात नियुक्त्या झाल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. टप्प्यांची पद्धत कितीही विचारपूर्वक आखली असली तरी तारखा पाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ती पाळली नाही तर एका अख्ख्या वर्गाचे प्रतिनिधित्व नाहीसे होते. जिल्हा परिषदेतून आलेला आमदार सभागृहात नसेल तर गावच्या पाणी योजनेच्या रखडलेल्या निधीचा विषय तिथे कोण काढणार? या दिरंगाईबद्दल जितका संताप व्हायला हवा तितका झाला नाही.

‘एक देश, एक निवडणूक’ आली तर हे बंद होईल?

नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेले १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभा आणि विधानसभांच्या एकत्रित निवडणुकांबद्दल आहे. राज्यसभा आणि विधान परिषदांचे दोन वर्षांचे चक्र त्यात बदललेले नाही. उलट सगळ्या विधानसभा लोकसभेबरोबर एकाच दिवशी निवडल्या गेल्या, तर वेगवेगळ्या वेळचा कौल जपणारी जागा म्हणून राज्यसभेचे महत्त्व वाढेल. अर्थात तिचे मतदार असलेले आमदारही एकाच लाटेतले असतील, ही शंका रास्त आहे.

विधान परिषद बरखास्त होऊ शकते का?

विधानसभेसारखी विसर्जित करता येत नाही. कायमची रद्द मात्र करता येते, कलम १६९ नुसार: विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने कायदा. तमिळनाडूची १९८६ मध्ये गेली. आंध्रची १९८५ मध्ये गेली आणि २००७ मध्ये परत आली.

मी पदवीधर आहे. माझ्या भागात निवडणूक कधी, आणि मला काय करावे लागेल?

हे विभागावर अवलंबून आहे, कारण इथेही टप्पे आहेत. पुणे, औरंगाबाद आणि नागपूर पदवीधर मतदारसंघांत मतदान डिसेंबर २०२० मध्ये झाले, नाशिक आणि अमरावतीत २०२३ च्या सुरुवातीला, मुंबई आणि कोकणात जून २०२४ मध्ये. शिक्षक मतदारसंघांचे वेळापत्रक वेगळे: पुणे, अमरावती २०२०, औरंगाबाद, नागपूर, कोकण २०२३, मुंबई, नाशिक २०२४. आपल्या वर्षात सहा मिळवले की पुढची फेरी कळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. पदवीधर आणि शिक्षकांची यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार होते. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षे आधी पदवी मिळालेली असावी आणि आपण त्या मतदारसंघाचे रहिवासी असावे. पदवीधरांसाठी नमुना १८, सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. शिक्षकांसाठी नमुना १९. विधानसभेच्या यादीत नाव असणे इथे पुरत नाही. मतदान केंद्रावरून परत पाठवलेले कितीतरी पदवीधर दर वेळी भेटतात, त्यांचे कारण बहुतेक हेच असते.

मतदान यंत्रावर नसते, मतपत्रिकेवर असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननेच उमेदवारासमोर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. १ लिहिलाच पाहिजे, पुढचे ऐच्छिक. बरोबरची खूण केली, सही केली किंवा स्वतःचे पेन वापरले तर मत बाद होते.